मुसळी माझ्याकडेच आहे

१२ नोव्हेंबर, बुधवार
निखिल आला होता. धुळ्याच्या ताईचा मुलगा. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, इथं मेहरूणला खोली करून राहतो. आल्याबरोबर त्याच्या पाया पडलो. आमच्यात भाच्यापुढे मामानंच वाकायचं. तो लाजतो.
त्याला फोनवर 'उसनं' नावाचा ग्रुप सुरू करायचाय. भागातल्या पोरापोरींनी कुकर, इस्त्री, गादी, ड्राफ्टर एकमेकांना वापरायला द्यायचं. चांगलं आहे. पण डोक्यात पोस्टर आणि कूपनं. म्हटलं, पोस्टर वाचून घेणारे येतील, देणारा एक येणार नाही. माणसाला आधी देणारा करावा लागतो. मी दहावी नापास. दुकानात कूलर दुरुस्त करता करता रद्दीतली धंद्याची पुस्तकं वाचली, पेन्सिलीनं खुणा करून. नि. लहानपणी त्याच पुस्तकांवर बसून जेवायचा.
विचार करून सांगतो म्हणालो. (सुचलंय. पण एक रात्र जाऊ द्यावी.)

१६ नोव्हेंबर, रविवार
थंडी पडली की खोल्याखोल्यांतून भरीत पार्टी. वांगी मिळतात, भाजायला कपाशीच्या काड्या मिळतात, पण ठेचायची बडगी, ते होडीसारखं लांबट लाकडी भांडं, कोणाकडेच नसते. मग स्टीलच्या पातेल्यात ठेचतात. त्याला मी भरीत म्हणत नाही.
तर आपली बडगी फुकट द्यायची. अट: नेणाऱ्या खोलीनं आपली एक वस्तू 'उसनं'वर मांडायची. आणि बडगी आपल्याकडे परत नाही आणायची, पुढच्या खोलीला स्वतः नेऊन द्यायची. दार वाजवावं लागतं, ओळख होते. मुसळी, म्हणजे ठेचायचा लाकडी दांडा, तेवढी माझ्याकडे. नेताना-आणताना दुकानात यायचं. कोण नेतंय हे कळायला नको?
नि. म्हणाला, "मामा, हे तुम्हालाच सुचू शकतं."
सौ.चं म्हणणं, सासूबाईंची (माझ्या आईची) बडगी, फैजपूरहून आलेली, देऊ नका. दिली.

२३ नोव्हेंबर
मेहरूणच्या तलावामागे पहिली पार्टी. पोरांनी वांगी न टोचता आगीत टाकली, एक फुटलं. बोललो. सुनीता म्हणून एक मुलगी आहे, सातपुड्याच्या पायथ्याकडची, नर्सिंगला. म्हणते, "काका, वांगं फुटलं तर फुटलं, तुम्ही नका फुटू." सगळे हसले. मीही, जरा उशिरानं.
तिच्या खोलीनं कुकर मांडला. बडगी पुढच्या गल्लीत तीच घेऊन गेली, डोक्यावर.

३० नोव्हेंबर
चालतंय!! मुसळी न्यायला रोज कोणी ना कोणी दुकानात. बडगीला साबण लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून तेलाचा हात, हे प्रत्येकाला सांगतो. नि. म्हणाला, मामा, पोरांची परीक्षा घेऊ नका. म्हटलं, परीक्षा नाही, रीत.
जरा तोडून बोलला का? असेल कामात.

७ डिसेंबर
मुसळी चार दिवस कोपऱ्यात. कोणी आलं नाही. नि. फोन घेत नाही. सुनीताला विचारलं. ती म्हणाली, बडगी निखिलदादानं नेली, धुळ्याला कार्यक्रम आहे म्हणे, तुम्हाला माहीत असेल.
हो म्हणालो.

१२ डिसेंबर, शुक्रवार
व्हिडिओ सुनीतानंच दाखवला. धुळ्याचं कुठलंसं सभागृह, समोर नव्या धंद्यांना पैसे देणारे कोटवाले. टेबलावर बडगी, तिला झेंडूचा हार. नि. सांगतो आहे: एक वस्तू खोलीखोलीतून कशी फिरते, घेणारा देणारा कसा होतो. माझे शब्द, माझ्याच क्रमानं. मग एकानं विचारलं, हे कुठून सुचलं? "गच्चीवर मित्रांशी बोलताना." आणि हे भांडं? "जुन्या बाजारात मिळालं."
जुन्या बाजारात.
लाकूड पांढरं पडलं होतं. साबणानं धुतलीय.
सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर
सकाळच्या बसनं धुळे. रस्ताभर वाक्यं जुळवली. दार नि.नंच उघडलं आणि मी वाकलो. सवय. पायाला हात लागल्यावर आठवलं की भांडायला आलोय. सरळ उभा राहीपर्यंत पहिलं वाक्य गेलं होतं.
व्हिडिओचं ताईला सांगितलं. ती चहा टाकता टाकता म्हणाली, "भाऊ, भाचा शे तुना, परका शे का? नाव तुनं काय नि त्यानं काय, बठ्ठं एकच." सगळं एकच म्हणे.
नि.ला विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. खाली बघून म्हणाला, "मामा, त्यांनी पुढं विचारलं असतं, मामा काय शिकलेत."
चहा अर्धा ठेवून उठलो. बडगी मागायची राहिलीच. त्या कोटवाल्यांच्या ऑफिसात शोभेला ठेवलीय म्हणे.

२१ डिसेंबर
इथल्या ग्रुपवर आता फक्त नि. लिहू शकतो. मला काढलेलं नाही, नुसतं गप्प केलंय. पोरांना वाटतंय बडगी मीच अडवून ठेवली. एकानं रस्त्यात विचारलं, काका, रागावलात का आमच्यावर? काय सांगणार. बहिणीचं पोर.
पुस्तकं माळ्यावर टाकली.

४ जानेवारी, रविवार
नि.चा फोन. पुढच्या रविवारी धुळ्यात 'उसनं'चं मोठं उद्घाटन. भरीत मीच ठेचावं. "तुमच्या हातची चव दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही, मामा." स्टेजवर का, विचारलं. "नाही, मागे मंडपात." मग, "येताना मुसळी आणा. तेवढीच तुमच्याकडे राहिली."
बघतो म्हणालो.

८ जानेवारी
सुनीता दुकानात. गावाहून आईचं लाकडी उखळ आणलंय, बसमध्ये मांडीवर घेऊन. या रविवारी इथं पार्टी, मुसळी द्या. म्हटलं, उखळात भरीत नीट ठेचलं जात नाही, खोल पडतं. "मग येऊन दाखवा कसं जमवायचं. आमचं झालं की पुढच्या खोलीला उखळ मीच पोचवणार. तुमचीच अट ना, काका?"
ग्रुप नाही, पोस्टर नाही. तिनं दोन खोल्यांची दारं स्वतः वाजवली आहेत.

१० जानेवारी, शनिवार
मुसळीला तेलाचा हात दिला. ताईचे दोन फोन. लेकाच्या दिवशी रुसू नको म्हणते. माझ्याशिवाय त्याला मामा नाही, हे खरंच आहे. दुसरा निरोप सुनीताचा: वांगी टोचून ठेवते, काळजी करू नका. (आत्ताच टोचली तर उद्यापर्यंत काळी पडतील. सांगायला हवं.)
सौ.नं विचारलं, उद्याची पिशवी कुठली भरू, धुळ्याची की इथली?
म्हटलं, मुसळी पिशवीत मावत नाही. दाराशी उभी करून ठेवलीय.