मोरीतल्या कुंडीचे डाग

ज्येष्ठ व. ९, सोम.
मुंबईहून आणलेली जस्ती पत्र्याची कुंडी मोरीत बसवून महिना झाला नाही, तोच काळवंडली. चिंच-मीठ चोळलं तर डाग वाढलेच. शुक्रवारी ठाण्याचे पाहुणे जेवायला. सासूबाई धुमसताहेत. म्हटलं, राख आणि रिठ्याचं पाणी पुरे. भांड्यांना येणारी साखरशेतची जानीही तेच म्हणाली. कोण ऐकतं!

व. १०, मंगळ.
सा.बां.नी सोनाराकडून तेजाब आणवलं. कचेरीला निघताना इकडून बजावणं झालं, "बादलीभर पाण्यात चमचाभर. तेजाबात पाणी ओतू नका."
सा.बां.ना सांगितलं.
"पाणी घालून कसला डाग निघतोय!"
बाटली सरळ कुंडीत ओतली. जानीला घासायला लावलं. फसफस, पिवळा धूर. ती खोकत घासतेय, मी दारात उभी. एवढंच म्हटलं, "जानी, जपून." तिचा हात धरून बाहेर ओढायला हवं होतं.
मग ती किंचाळली. कळशीमागून कळशी ओतत राहिले. उजव्या पंजाची कातडी पिवळी पडून सुटली.
"बाय, आग व्हते गो, आग..."

व. ११, बुध.
एकादशी. फराळ तसाच झाकून ठेवला.
दवाखान्याचं काढलं. सा.बा. : "गवगवा नको. पाहुणे यायचेत." इकडच्या तोंडाकडे पाहिलं. वर्तमानपत्र वाचणं चालूच.
दुपारी मीच नेलं जानीला. डॉक्टरांनी मलम बांधलं. "दोन बोटं मिटतील की नाही, सांगता येत नाही. चिखलात हात घालायचा नाही."
जानी हसली. "लावणी मंग कोण करील? तुमी?"

व. १३, शुक्र.
पाहुणे आले, जेवले, गेले. हात अंगणातच धुतले. मोरीकडे कुणी फिरकलंही नाही.

आषाढ शु. ४, गुरु.
जानी नदीपलीकडे साखरशेतला घरी गेली त्याला पाच दिवस. नवी बाई कुंडीला हात लावत नाही. मीच राखेनं हलकेच घासते, भरपूर पाणी, मग कोरडी पुसते. निघतात बरेच डाग. पण तेजाबानं जस्त खाल्लं तिथे गंज.
साखरशेतला कुणाला तरी धाडा म्हटलं. इकडून उत्तर आलं, "नदीला पाणी आहे." खरंच आहे. पण...

शु. ७, रवि.
दुपारी जानीचा नवरा आला. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. ओसरीवर ये म्हटलं, चढला नाही. सा.बा. आतून : "कोण आहे?" मी दार लोटून घेतलं.
जानी बांधावर बसून असते म्हणाला. शेजारणी भाताचं आवण लावताहेत. हाताला वास येतो. ती दवाखान्यात येत नाही म्हणते, डॉक्टर पुन्हा चिखलात हात घालू नको म्हणेल, आणखी काय म्हणेल.
तिला डोलीतून आण म्हटलं. "नदी कशी वलांडू बाय?"
मलमाची डबी, स्वच्छ फडकी दिली. इरल्याखाली धरली त्यानं. निघेना.
"बाय, तुमी वाचता-लिवता. बोटा मिटतील ना तिची?"
 फडक्यांची गाठ पुन्हा घट्ट बांधून दिली. तो उभाच, माझ्या तोंडाकडे बघत.