दहापैकी शून्य

६ जानेवारी, सोमवार. बारामती, हॉस्पिटल.

डावा खुबा मोडला. माझा. दत्तोबांचाही डावाच.

दत्तोबा म्हणजे सांगवीचे आमचे व्याही, सून रेश्माचे वडील. दोन दिवस वरकुट्याला आमच्याकडे पाहुणे होते. आज त्यांना इंदापूरच्या स्टँडवर सोडायला मी स्कूटी काढली. मुलगा यशराज म्हणाला, आबा, मी सोडतो. त्याला म्हटलं, सत्तर म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

नोंद असावी म्हणून लिहितो. अपघात माझ्या चालवण्यानं झालेला नाही. उसाचा ट्रॅक्टर पुढे जाऊ दे म्हणून मी गाडी थांबवली होती. गाडी उभी असताना पडली. उभी गाडी पडली तर त्यात ड्रायव्हरचा काय दोष? रस्त्यावर पाचट सांडलं होतं, टेकवलेला पाय सरकला. मागे दत्तोबा देवळातल्या मूर्तीसारखे बसले होते. थोडा तोल त्यांनीही सावरायला हवा होता.

एक्सरे काढताना मी ओरडलो असं यशराज सगळ्यांना फोनवर सांगतोय. मी ओरडलो नाही, त्याला हाक मारली.

परवा दोघांचं ऑपरेशन. रॉड टाकणार. संक्रांत घरी करायची, ठरलं.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळ.

पायाला वजन बांधून ठेवलंय. खाटेला दोन्हीकडून दांडे. डाव्या कुशीवर होता येत नाही, उजव्या कुशीवर होऊ देत नाहीत. मान तेवढी आपली. डावीकडे वळवली की भिंत, उजवीकडे वळवली की दत्तोबा. आणि दत्तोबांची मान कायम माझ्याकडे. दोन फुटांवरून एक माणूस दिवसभर आपल्याकडे आदरानं बघत असला की कण्हायची सोय राहत नाही.

मुलाच्या बापानं मुलीच्या बापासमोर कण्हू नये. लग्नात मी मानपान मागितला नाही, हुंड्याचं नाव काढलं नाही. पण स्वतःचा आब स्वतःच राखावा लागतो. वरकुट्याच्या सोसायटीचा एक टर्म चेअरमन होतो मी.

संकल्प: तोंडातून हूं की चूं नाही.

तोच दिवस, दुपार.

डॉ. उत्कर्षा येऊन गेल्या. भूल देणाऱ्या मॅडम. मुलगी हुशार आहे, बोलायलाही मोकळी. त्या एक अभ्यास करतायत. भूल मणक्यात देतात, त्यासाठी पेशंटला कुशीवर वळवावं लागतं. मोडका खुबा घेऊन वळायचं म्हणजे जीव जातो. म्हणून आधी सोनोग्राफीत बघत नस बधिर करायचं एक इंजेक्शन देतात. त्याला ब्लॉक म्हणायचं. ऑपरेशननंतरही त्याचा उपयोग होतो. ब्लॉकच्या दोन पद्धती. जुनी जांघेत देतात, नवी पार सांध्याजवळ. आराम दोन्हींनी पडतो, पण कुठल्या पद्धतीनं जास्त आणि किती वेळ, हे मॅडमना ताडून बघायचंय. कोणाला कुठला ब्लॉक ते बंद पाकिटात ठरतं, आम्हाला सांगणार नाहीत. विचारलं की आम्ही फक्त आकडा सांगायचा. मुळीच दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा.

एकाच गाडीवरून, एकाच वेळी, एकाच बाजूला पडलेले दोन खुबे मिळाले म्हणून मॅडम खूश दिसल्या. मी लगेच दोघांच्या वतीनं होकार दिला. त्या म्हणाल्या, असं चालत नाही, प्रत्येकाची वेगळी सही लागते. दत्तोबा म्हणाले, आबा व्हय म्हणत्यात तर आमी कशाला न्हाय म्हणू. सही केली बिचाऱ्यांनी.

मॅडमना जाता जाता सांगून ठेवलं की मी चेअरमन होतो. नवी पद्धत मलाच मिळणार.

८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळ.

ऑपरेशन झालं. आधी माझं, मग दत्तोबांचं. क्रम योग्यच होता.

ब्लॉकबद्दल मात्र जे खरं ते लिहितो. सुई टोचली, थोडा वेळ गेला, आणि दोन दिवस कमरेत जे कुत्रं चावत होतं त्यानं तोंड सोडलं. कुशीवर वळवलं तरी कळलं नाही. मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं विचारलं, किती? मी शून्य म्हणालो. देवाशपथ शून्य होतं.

दत्तोबांना विचारलं तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, सहा. बिचारे. त्यांना जुनी पद्धत मिळाली हे उघड आहे. टोचल्याची खूणही माझ्याहून वेगळ्या जागी आहे, मी यशराजला बघायला लावलं. म्हटलं, पाव्हणं, घाबरू नका, होईल कमी. ते म्हणाले, तुमची बातच येगळी, आबा.

९ जानेवारी, गुरुवार.

पहाटेपासून ब्लॉक उतरला असावा. दुखतंय असं म्हणणार नाही. पायाची जाणीव होते आहे. जाणीव बरीच आहे.

मोना सिस्टर कागद घेऊन आली. किती? आता अडचण अशी की काल मी शून्य सांगितलेलं. एकदा शून्य म्हटल्यावर आज सात कसं म्हणायचं? माणसाच्या शब्दाला काही किंमत हवी. शून्य म्हणालो. पाय उचलून बघा म्हणाली. उचलला नाही. म्हटलं, उचलण्यासारखं काही कारण दिसत नाही.

दत्तोबा म्हणाले, सात. आकडा चारच्या वर गेला की जादा इंजेक्शन मिळतं, ते त्यांना मिळालं. मला साधी गोळी. इंजेक्शन घेतलं आणि त्यांना मळमळायला लागलं, दुपारी उलटी झाली. प्रकृती नाजूक. मी मात्र खणखणीत. फक्त दात आवळून आवळून जबडा दुखतोय. त्याचा खुब्याशी संबंध नाही.

१० जानेवारी, शुक्रवार.

संदेश नावाचा व्यायाम घेणारा पोरगा आला. वॉकर धरून उभं राहायचं म्हणाला. मी त्याला दाखवून दिलं की वॉकरची उंची माझ्या मापाची नाही. त्यानं उंची बदलली. मग मला गॅसेस झाले.

दत्तोबा उठले. सात दुखतंय म्हणणारा माणूस वॉकर घेऊन दारापर्यंत गेला आणि आला. वर माझ्या बायकोनं, कौसल्येनं, घरून पाठवलेले पोहे दोनदा घेतले. मी संदेशला खाटेजवळ बोलावून सांगितलं की असं दुखणं अंगावर काढणं बरं नव्हे, पाव्हण्यांना आवरा. तो म्हणाला, आबा, त्यांचं बरं चाललंय, तुमी उठा. सात असलेला चालतोय आन् शून्यवाला झोपून ऱ्हातोय, असं मी कुठं बघितलं न्हाय.

पोरगा नवशिका आहे.

संध्याकाळी मॅडमनी आमच्यामधला पडदा ओढला. अगदी हळू आवाजात विचारलं, खरं सांगा, किती? माझा बीपी वाढलाय, घाम येतोय, असं काहीबाही म्हणाल्या. पडदा कापडाचा असतो, पलीकडे सगळं ऐकू जातं. मी जरा मोठ्यानंच सांगितलं. शून्य. पडद्यापलीकडून दत्तोबा म्हणाले, वा.

११ जानेवारी, शनिवार.

कणकण आहे. खोकला. खोकलं की खुब्यात कोणी पहार घालतंय.

हाडांचे डॉक्टर रागावले. छातीत कफ साठतोय, आज उद्याकडे उठला नाहीत तर अवघड होईल म्हणाले. दुखत नाही तर उठत का नाही, असं विचारलं. थंडी फार आहे म्हणालो.

थोरला आठवला. माझा थोरला भाऊ, सावळारामदादा. त्याचाही खुबाच मोडला होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण उद्या उठतो, उद्या उठतो करत राहिला. त्याला खाटेवरून खाली घेतलं ते शेवटच्या दिवशीच. मी पायाशी बसलो होतो.

मला भीती वाटते. खूप वाटते. हे इथं लिहितोय, बोलणार कोणाशी नाही. खोलीत एकच माणूस आहे आणि त्याच्याशी तर मुळीच नाही.

संकल्प: उद्या सकाळी उठायचं. काय वाटेल ते होवो.

१२ जानेवारी, रविवार.

उठलो नाही. रविवार होता. संदेश म्हणाला, पाय काय रविवार बघतोय व्हय? मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

दत्तोबा आज जिन्यापर्यंत जाऊन आले. आकडा तरीही सात. मळमळ तरीही चालू. डॉक्टरांनी त्यांना कालच घरी जा म्हटलं होतं, हे रेश्मा मोना सिस्टरशी बोलताना कानावर पडलं. तर हे म्हणाले, अजून दुखतंय, ऱ्हातो दोन दिस. हॉस्पिटलच्या जेवणाची चटक लागली असेल. दुसरं कारण मला दिसत नाही.

१३ जानेवारी, सोमवार.

आज जे झालं ते क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मी ते वेगळं आठवेन.

सकाळी रेश्मा बापाला धरून व्हरांड्यात चालवत होती. परत आली ती मॅडमना घेऊनच. पडदा सरकवला, दोन खाटांच्या मधोमध उभी राहिली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न सोडणारी पोरगी. बापाकडे बोट करून म्हणाली, दादांचं कवापासनं दोनच हाय. दोन! पहिल्या दिवशी तर काहीच दुखत नव्हतं. पण आबा शून्य म्हणले, मग मुलीच्या बापानं तेवढंच कसं म्हणायचं, बरोबरी केल्यागत व्हतंय, म्हणून हे आकडा वाढवून सांगत्यात. नको असलेली इंजेक्शनं घेत्यात आन् उलट्या काढत्यात. घरी जा म्हणलं तर आबांच्या आधी कसं जायचं म्हणून हितंच.

मग माझ्याकडे वळली. म्हणाली, आन् आबा, तुमी झोपेत रडता. मला ऐकू येतंय. तुमाला काय झालं तर मी आत्यांना काय तोंड दाखवू?

दत्तोबा छताकडे बघत होते. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांची मान माझ्याकडे नव्हती.

मॅडम खुर्चीवर बसल्या. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त दोन्ही कागद घेतले आणि त्यांच्यावर आडव्या रेघा मारल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं अभ्यासातून बाद. मी विचारलं, निदान नवी पद्धत मलाच होती ना? म्हणाल्या, आता सांगायला हरकत नाही, तुम्हाला जुनी होती, नवी यांना. पण दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि तुम्हा दोघांवरून तर नाहीच नाही. मग म्हणाल्या, आबा, अभ्यास गेला खड्ड्यात. आता मला तुमच्यासाठी विचारायचंय. किती दुखतंय?

दत्तोबांनी मान वळवली. बघायला लागले.

एक, म्हणालो.

मॅडम उठून गेल्या. रेश्माही गेली. नंतर दत्तोबा हळूच म्हणाले, आबा, माझं चुकलं असंल तर पोटात घाला. मी म्हणालो, छे छे. खरं तर मला म्हणायचं होतं की माझंच चुकलं. चार दिवस हा माणूस माझ्या मोठेपणापायी पोट धरून ओकत होता आणि मी त्याची प्रकृती नाजूक म्हणत होतो. लाज वाटली. पण जीभ वळली नाही. चुकीची कबुली द्यायला तालीम लागते आणि मी त्या तालमीत कधी गेलो नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

यशराज गाडी घेऊन आला. दत्तोबांचा डिस्चार्ज. सांगवीला नाही, वरकुट्याला नेणार. रेश्माला दोन गावांत दोन म्हातारे बघता येणार नाहीत, आणि कमोड आमच्याकडेच आहे. पुढच्या खोलीतली खाट त्यांना दिलीये, म्हणजे माझी. कौसल्येनं गादीवर धुतलेली चादरही घातली म्हणे.

रीत म्हणून मी म्हणालो, पाव्हणं, तुम्ही व्हा पुढं. आता अशा वेळी समोरच्यानं नको म्हणायचं असतं. मग मी परत आग्रह करायचा, त्यांनी परत नको म्हणायचं, आणि शेवटी दोघांनी थांबायचं. दत्तोबांनी तिळगूळ हातावर ठेवला, बरं म्हणाले आणि वॉकर घेऊन निघाले. दारात थांबले, तेव्हा वाटलं आता म्हणतील. म्हणाले, आबा, उठत जावा. गेले.

दुपारी.

त्यांची खाट पुसून ठेवलीय. मान कुठंही वळवावी, कोणी बघत नाही. आता आरामात कण्हता येईल असं मनात आलं. कण्हून बघितलं. एकट्यानं कण्हणं फार वाईट असतं.

मोना सिस्टर आली. किती, म्हणाली. मी शून्य म्हणायला तोंड उघडलं आणि नऊ म्हणालो. मग रडायलाच लागलो. या खेपेला तिनं लिहून घेतलं नाही. इंजेक्शन घेऊन आली.

संध्याकाळी.

संदेश आणि मोना सिस्टर, दोघांनी दोन्हीकडून धरलं. उभा राहिलो. घामानं बंडी भिजली, पण राहिलो. संदेशनं विचारलं, आता किती, आबा? सहा म्हणालो. सहाच होतं.

उभा राहिल्याबरोबर आधी उजवीकडे बघितलं. दाखवायला कोणी नव्हतं.