चहाची कृती न संपल्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
शिक्षक प्रशिक्षण कार्यालय

विषय: कोडिंग प्रशिक्षणात अनुत्तीर्ण ठरवून माझ्याकडील चौथीचा वर्ग काढून घेण्याच्या आदेशाचा फेरविचार होण्याबाबत.
संदर्भ: 'कृती संपत नाही' असा शेरा असलेले आपले पत्र.

महोदय,

मी चौथीला शिकवतो. संगणकीय विचार व कोडिंग वर्गात कसे शिकवावे, याचे प्रशिक्षण मी घेतले. संगणक एकच होता व तो बिघडलेला होता, म्हणून सर्व कोडिंग खडूने फळ्यावर झाले. त्याबद्दल तक्रार नाही.

१. चाचणीत रोजच्या एका कामाच्या पायऱ्या लिहायच्या होत्या. "यंत्र डोकं चालवत नाही, लिहिलंय तेवढंच करतं," असे प्रशिक्षकबाईंनी बजावले होते. म्हणून मी सकाळचा चहा जसा करतो तसाच लिहिला. पाणी, साखर, पावडर, दूध, दोन कपांत गाळणे. पुढे: 'आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मार, चहा झाला गं. उत्तर येईपर्यंत थांब. मग पी.'

२. लिहिलेली कृती चालवून दाखवायला दुसऱ्या शाळेतील चित्रकलेचे सर यंत्र झाले होते. त्यांनी रिकामे कप घेऊन सगळे बिनचूक केले. हाक मारली आणि थांबले. यंत्राला स्वतःहून हलता येत नाही, त्यामुळे जेवणाची सुट्टी झाली तरी ते उभेच. शेवटी ओरडले, "अहो गुरुजी, आत कोणी आहे का नाही? पाय गेले माझे!" सगळे हसले. मीही हसलो. माझी पत्नी मागच्या उन्हाळ्यात वारली, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. लिहिताना माझ्याही ध्यानात आले नाही.

३. आपल्या कार्यालयात येऊन मी कारण सांगितले. लिपिक भला माणूस. म्हणाले, "दुःख कळतं हो, पण फॉर्मात 'तांत्रिक चूक' आणि 'हलगर्जी' असे दोनच रकाने आहेत." त्यांनी तांत्रिक चूक धरली. मी मृत्यूचा दाखला जोडला, तर उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे ना हरकत पत्र मागवले गेले. हात धुण्याची कृती लिहून देतो म्हणालो, तेही चालत नाही. तीच कृती दुरुस्त करून, घरी चालवून, तसे लेखी कळवावे, असा नियम आहे.

४. ही मुले पहिलीपासून माझ्याकडे आहेत. घरी आता बोलायला कोणी नाही. दिवसभरात जे काही बोलतो ते त्यांच्याशीच. ऑफिसात बसवून नोंदी करायला दिल्यास तेही बंद होईल.

५. सबब कृती दुरुस्त केली आहे: 'दहापर्यंत मोज. उत्तर न आल्यास एकट्याने पी.' कप दोनच ठेवले आहेत, कारण ती दुरुस्ती आपल्या पत्रात सांगितलेली नाही. आज सकाळी चालवून पाहिली. हाक मारली. मोजले. एकट्याने प्यायलो. कृती कुठेही न अडकता संपली. संपल्यावर काय करावे, हे तीत लिहिलेले नसल्याने मी तिथेच बसून राहिलो व शाळेत उशिरा पोहोचलो. मुख्याध्यापिकांनी अर्धी रजा मांडली आहे. ती वेळ प्रशिक्षणाची धरावी व वर्ग माझ्याकडे राहू द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
वर्गशिक्षक, चौथी
(अर्ज मंजूर झाल्यास)

दिनांक: आजचाच, मधली सुट्टी

सोबत: दुरुस्त कृती, एक प्रत. मृत्यूचा दाखला, पुन्हा एकदा.