खोली खाली कर, हे सांगायचं होतं

ढाणकी, मंगळवार, दिवेलागण

आज सांगायचंच, असं ठरवून जिना चढले. वरच्या खोलीतल्या सविताचं पाच महिन्यांपासून भाडं नाही. नवऱ्याचं काम सुटलं, मान्य. पण माझ्या पेन्शनवर ह्यांची औषधं तरी कशी आणायची?

ह्यांची आठवण झाली आणि पाय अडखळला. लकवा झाल्यापासून हे माझ्या हातून घास घेत नाहीत. मी चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. सविता भरवते तेव्हा मुकाट जेवतात. माझ्याच हातून का नाही? चाळीस वर्षं माझ्याच हातचं खाल्लं ना?

दार उघडताच तीच म्हणाली, "काकू, आम्ही खोली खाली करून राह्यलो. भाडं देणं होत नाही, तुम्हाले तोंड दाखवाची लाज वाटते. उद्या माहेरी चाललो, फुलसावंगीले."

हेच हवं होतं ना मला? तरी मी तिचा हात धरला. "भाड्याचं कोण बोललं तुले? राह्य तू."

"नाही काकू," म्हणाली आणि हळूच हात सोडवून घेतला.

खाली आले. हे दाराकडे डोळे लावून बसले होते. मी एकटीच आलेली पाहिली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.