शिडीला बांधलेलं लिंबू

९ मे
प्लास्टर, डावा पाय, गुडघ्यापर्यंत. टाचेचं हाड फुटलंय. डॉ. म्हणाले, दोन महिने पाय टेकायचा नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘आंब्याच्या झाडावरून पडला’. झाडावरून नाही, शिडीवरून. वरून चौथी पायरी. बागेच्या मालकांनी, बापूरावांनीच तसं सांगितलं असणार, मी तेव्हा बोंबलत होतो.

१० मे
बापूराव येऊन गेले. पांढरे बूट. पिशवीभर आंबे आणले, सगळे पडके. वीस वर्षं आंबे उतरवतोय, मला पडका आंबा कळत नाही असं वाटतं का या माणसाला?
“ध्यान कुठं व्हतं रे तुझं?” म्हणाले. दोनदा चहा ढोसला. शिडीचं नाव नाही.

११ मे
माझी बायको लता त्याच बागेत खाली आंबे निवडते. आज हसतच घरी आली.
“अवो, मालकानं शिडीला लिंबू-मिरची बांधली. नारळ फोडला. कुणाची तरी नजर लागली व्हती म्हनं.”
तुटकी पायरी तशीच, तिलाच लिंबू, वर हळदकुंकू. शेतकीची पदवी भिंतीवर टांगलेला माणूस! बांबूचा एक तुकडा बसवायला याला किती वेळ लागला असता?

१२ मे
खरं लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय. पायरीला चीर होती हे मला हंगामाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापूरावांना सांगितलं. “सुतळी बांध की.” बांधली, सात वेढे. पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही. उलट गड्यांपुढं मिशीला पीळ देऊन, आपण बांधलेलं सुटत नसतं, असं म्हणालो. लाळघोट्या लेकाचा मी.
पाय रात्रंदिवस ठणकतो. ठणकू दे.

१४ मे
दोन गडी हदगावला लग्नाला गेले. म्हणून उद्यापासून लता शिडीवर.
“बायामानसं हलकी असतात, शिडीला तरास न्हाई, असं म्हनून राहिले मालक.”
शिडीला त्रास! थू.
जाऊ नको म्हणालो.
“तुमी हितं पडून हाव. मी बी बसले तर भागंल का? ती पायरी सोडून चढंन.”
चढताना सोडशील. उतरताना पाय आपोआप खाली जातो, डोळे फांदीत असतात. मी तसाच पडलो. हे सांगितलं तरी भाकऱ्या थापत राहिली.
भीती वाटतेय. टाचेपेक्षा हे वाईट.

१५ मे, सकाळ
लता गेली. डब्याच्या पिशवीत घरातली करवत.
“ही कशाला?”
“ती पायरीच कापून काढते, लिंबासकट. मंग म्हनावं मला, चढ.”
बापूराव हाकलून देतील. शिवाय गावभर बदनामी करतील. ते पक्कं. तरी अडवलं नाही.
करवत बोथट होती. खाटेवर बसूनच मी कानस मारून दिली.
आता बागेत पोचली असेल.