अडीचचं रीडिंग

९ मार्च, रविवार दुपार

ती. अण्णांना नमस्कार. आईला आणि आत्यालाही सांगा.

पत्र बघून दचकू नका. तब्येत ठणठणीत आहे, जेवणखाण वेळेवर होतं आणि इथे सगळं उत्तम चाललंय. फोनवर बोलायचं म्हटलं की तुम्ही लगेच स्पीकर लावता, आई आणि आत्या दोन्ही बाजूंनी वाकतात आणि ‘जाड झालीस की बारीक’ यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून हे पत्र, तेही घरी नाही, तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावर. प्रयोगशाळेतल्या तुमच्या टेबलावर येईल. एकट्याने वाचा.

बातम्या सांगते. मला आता शर्टाचं बटण लावता येतं. वर्गात हात वर करून प्रश्न विचारते. वसतिगृहातल्या धुलाईयंत्राने तुम्ही दिलेला पांढरा एप्रन गुलाबी केला, त्याला माझा लाल मोजा कारणीभूत आहे. तोच घालून प्रयोग करते. माझी जोडीदार, जिला मी उंचीवरून जिराफ म्हणते, ती पोट धरून हसली होती.

प्रयोगशाळेच्या शिस्तीबद्दल तुम्ही विचारलं होतं. इथे पेन्सिल चालत नाही, शाईनेच लिहायचं. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मला सुरुवातीला गंमत वाटली. आपल्याकडे जर्नलमध्ये एक खाडाखोड झाली की अख्खं पान नव्याने लिहायचं. ब्लेडने शाई अलगद कशी खरवडायची ते तर मी तुमच्याकडूनच शिकले.

इथली प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई तुमच्याच हुद्द्याच्या. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं तुसडं, पण बाटल्यांवरची लेबलं तुमच्यासारखीच तिरकी लावतात. ते बघून पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. आज त्यांच्यासमोर जायची भीती वाटतेय.

आता आडवळणं पुरे. उद्या दहा वाजता माझी चौकशी आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही प्रॅक्टिकलच्या वेळेत फोन केलात ते आठवतं? ‘आमची परदेशातली’ म्हणून तुमच्या नव्या मुलामुलींशी माझं बोलणं करून दिलंत. मी बाहेरच्या जिन्यात उभी राहून त्यांना चाळीस मिनिटं उपदेश पाजला. मन लावून काम करा, इथे फार मेहनत लागते, वगैरे. त्या वेळी आत माझा प्रयोग चालू होता. वाळूतून गाळून येणाऱ्या पाण्यातला क्षार दर अर्ध्या तासाने मोजायचा होता. जिराफ वर्गाला गेली होती, दुपारची पाळी माझी होती. दोनचं रीडिंग अठरा पूर्णांक सहा. परत आले तेव्हा तीन वाजले होते आणि आलं सतरा पूर्णांक आठ. अडीचची जागा रिकामी होती.

मी तिथे अठरा पूर्णांक दोन लिहिलं. पेन थांबलंसुद्धा नाही. संध्याकाळी जिराफने माझ्यावर भरवसा ठेवून पानाखाली सही केली.

मी जिन्यात असताना, सव्वादोनला, माझ्या मोजायच्या नळीची, ब्युरेटची, तोटी गळताना बाईंना दिसली. त्यांनी ती नळी काढून नेली, तीनला दहा कमी असताना दुसरी आणून लावली, आणि हे सगळं त्यांच्या रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहिलं. अडीच वाजता माझ्या टेबलावर मोजायला नळीच नव्हती.

हे तपासणीत निघालं. आमचे प्रयोग तपासणाऱ्या सरांनी दोघींना बोलावून विचारलं, अडीचचं रीडिंग कुणाचं? मी जमिनीकडे बघत राहिले. जिराफही बोलली नाही. तिला वाटलं असेल, मी बोलेन. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “तू सांगणार आहेस ना?” मी हो म्हटलं. त्याला अकरा दिवस झाले. दोघींनाही प्रयोगशाळा बंद आहे, आणि सुट्टीतल्या कामासाठी तिला मिळणारं शिफारसपत्र सरांनी अडवून ठेवलंय. ती समोरून आली की मी जिना बदलते.

कबूल केलं तर मला काढून टाकतील. गप्प राहिले तर बहुधा दोघींना समज देऊन सोडतील, असं वरच्या वर्गातले म्हणतात. अण्णा, उद्या काय करणार ते आत्ता मलाच सांगता येत नाही.

सोमवार, दुपारी तीन

सांगितलं.

टेबलापलीकडे विभागप्रमुख, सर आणि त्या बाई होत्या. शेजारच्या खुर्चीत जिराफ गुडघे आवळून बसली होती. तिच्याकडे बघितलं असतं तर धीर सुटला असता, म्हणून प्रश्न यायच्या आधीच बोलून टाकलं. रीडिंग माझं, मी घेतलंच नव्हतं, हिला माहीत नव्हतं. विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, हे कुठे शिकलीस?

‘कुठेच नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. पण आणखी किती आकडे बनवायचे? मी म्हटलं, “घरी. माझे वडील प्रयोगशाळा सांभाळतात. त्यांच्या टेबलावर कुणी नापास होत नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे त्यांच्या टेबलावर कुणी मोजतही नसेल,” त्या म्हणाल्या.

मला त्यांचा संताप आला. तुमच्याकडच्या निम्म्या नळ्या गळतात, रसायनं जुनी असतात, पोरं दोन-दोन बस बदलून येतात आणि एका आकड्यासाठी त्यांचं वर्ष जाऊ नये म्हणून तुम्ही मागे उभं राहून उत्तर पुटपुटता. ते मायेने करता. हे सगळं मला म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही, कारण बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

मला काढलं नाही. या विषयात नापास केलंय, पुढच्या सत्रात सगळे प्रयोग पुन्हा, बाईंच्या नजरेखाली. पुन्हा असं झालं तर सरळ घरी. जिराफ सुटली, शिफारसपत्रही मिळेल. दारात मी माफी मागितली. ती म्हणाली, “बारा दिवस लागले तुला,” आणि गेली.

आता तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत तुम्ही माझ्या मागून ‘अकरा चार’ म्हणालात. माझं बारा नऊ आलं होतं, तीनदा तेच. मी ते खोडलं, तुमचं लिहिलं, पैकीच्या पैकी मिळाले आणि तुम्ही टेबलाटेबलावर पेढे वाटलेत. त्या गुणांवर मी इथे आले. परीक्षेच्या द्रावणाची ती बाटली तुम्हीच बनवली होती, खरा आकडा तुम्हालाच माहीत. अण्णा, माझं बारा नऊ बरोबर होतं का? चुकीचं असेल तरी चालेल, पण खरं सांगा. आणि रागावला असाल तर तेही लिहा.

पाकीट बंद करण्याआधी पहिल्या पानावर परत जातेय. ‘इथे सगळं उत्तम चाललंय’ यावर एकच रेघ मारते, शेजारी सही करते. खालचं वाचता येईल.

तुमच्या टेबलावर शिकलेली,
तुमची लेक