नागपूरला गाडी बदलताना

अकोला, १० फेब्रुवारी २०२५

चि. चतुरा हिस जय भीम व आशीर्वाद.

फोन केला की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. बोधगयेला निघालेली माणसं नागपूरला गाडी बदलायला चार तास थांबतात आणि तेवढ्यात आत्या सख्ख्या भाच्याचं डोकं फोडते, हे मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? स्वप्निलच्या कपाळाला टाके पडलेत. नवराबायकोची कुरबूर होती, तू मध्ये काहून पडलीस? वरून सुनेला घेऊन थेट अमरावती गाठलीस! तेवीस तारखेला आमच्या लेकीची, आचलची सोयरीक आहे. पाहुणे विचारतील, सून कुठं आहे? भावनाला लगेच पाठव. हट्टी तू पहिल्यापासूनच, पण माझा शब्द कधी मोडला नाहीस.

तुझा भाऊ,
जानराव

अमरावती, १३ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस जय भीम.

टाके पडले ते माझ्या स्टीलच्या पाण्याच्या बाटलीनं. नाकारत नाही. आता कुरबूर कशी होती ते ऐक. दीक्षाभूमीवर भावनाला तिच्या कॉलेजातला संघपाल भेटला. जय भीम झाला, घरच्यांची चौकशी झाली, बस. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये परतलो तसे स्वप्निलनं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड बाकाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पुन्हा पुन्हा आपटलं. दात तुटून माझ्या चपलेपाशी येऊन पडला. आजूबाजूची माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. ती खाली पडली तर यानं तिच्या पोटावर बूट उगारला. मी पहिला तडाखा दिला तो त्याला थांबवायला. दुसरा निव्वळ रागानं दिला, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

भावनाचा जबडा तारेनं बांधलाय. पेजेवर आहे. दाराची कडी वाजली तरी कोपऱ्यात जाऊन बसते. अकोल्याच्या घरात भिंतीपलीकडून तुला रोज हे सगळं ऐकू येत होतं, भाऊ, आणि तू त्याला कुरबूर म्हणतोस! आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. ती येणार नाही. पाहुण्यांना खरं काय ते सांगून टाक.

रागावलास तरी बहीण तुझीच,
चतुरा

अकोला, १७ फेब्रुवारी २०२५

चतुराबाईंना वहिनीचा सप्रेम जय भीम.

ह्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे सांगतात आणि मी लिहिते. न्हाणीत पाय घसरला असं लिही, म्हणाले. लिहिलं. आता ते बाहेर जाऊन बसलेत, तेव्हा पुढचं माझं.

तुमचं पत्र स्वप्निलच्या हाती पडलं. तक्रारीचं वाचून त्यानं टीव्ही फोडला, आरसा फोडला. आचल आडवी आली तर तिला भिंतीवर फेकलं. तेव्हा ह्यांनी त्याचा हात धरला, जन्मात पहिल्यांदा धरला. त्यानं बापाचा हात चौकटीत दाबून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी आला. आणि संध्याकाळी हे मलाच सांगतात, पोरगं तापट आहे, सून घरी आली की निवळेल.

शनिवारी हे भावनाला न्यायला तुमच्याकडे येताहेत. सोबत मी आणि आचल आहोत. ह्यांना जेवू घाला, भाऊ आहेत तुमचे. भावनाला मात्र समोर आणू नका. आणि हे परत जायला उठतील तेव्हा आम्हा दोघींना उठा म्हणू नका, रविवारची सोयरीक राहिली तर राहो. आम्ही कपडे घेऊनच निघतोय.

माया आहे तशीच राहू द्या,
साधना